'फायनल', 'फायनल नक्की', 'फायनल हीच': एकाच मजकुराच्या अनेक प्रती कशा सांभाळायच्या

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला वाटलं होतं की लोकांकडून वेळेवर लेख मिळवणं हेच काय ते अवघड असेल. लेख मिळाले. घोळ झाला तो देणगीदारांच्या यादीत. एका ज्येष्ठ देणगीदारांचं निधन झाल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं होतं. मी यादीत 'श्री.' खोडून 'कै.' केलं, फाइल सेव्ह केली, आणि प्रेसला मेल करताना त्याच फोल्डरातली दुसरी फाइल जोडली. नाव जवळजवळ तेच होतं. पाचशे प्रती छापून आल्या. त्या मुलीकडे अंक द्यायला मी स्वतः गेले होते, आणि ते पान तिनेच उघडलं.

त्यानंतर मी आणखी तीन अंक काढले आणि एका मैत्रिणीच्या प्रबंधाच्या फाइली सांभाळल्या. आता जी घडी बसली आहे ती खाली लिहिते आहे. मी संगणकातली तज्ज्ञ नाही. दोन ते दहा माणसं मिळून एकच मजकूर लिहितात, तपासतात आणि शेवटी तो कुठेतरी छापायला किंवा सादर करायला जातो, अशा कामासाठी हे आहे: स्मरणिका, दिवाळी अंक, प्रबंध, सोसायटीचा वार्षिक अहवाल, अनुवाद. मेनूंची नावं इंग्रजी वर्डमध्ये, गूगल डॉक्समध्ये दिसतात तीच दिली आहेत, म्हणजे शोधायला सोपं जाईल.

सुरुवातीला काय जमवायचं

- सगळ्या फाइलींसाठी एकच जागा. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह असेल तर उत्तम. नसेल तर एका माणसाच्या संगणकावरचं एक फोल्डर आणि त्याची पेनड्राइव्हवर नक्कल.
- कोण कशात काम करतं याची यादी: वर्ड (कोणत्या सालचं), लिबरऑफिस (वर्डसारखंच, पण मोफत सॉफ्टवेअर), की फक्त मोबाइल.
- कोण कोणत्या फॉन्टमध्ये टाइप करतं ते. युनिकोड (मोबाइलवर, इंटरनेटवर चालतं ते मराठी), की श्रीलिपी, कृतिदेवसारखे जुने फॉन्ट? हे आत्ताच विचारा. पाचव्या पायरीत कळेल का ते.
- प्रत्येकाचा ईमेल पत्ता, तोही ज्या खात्यावरून तो फाइल उघडणार आहे त्याच खात्याचा.
- प्रेसला किंवा विद्यापीठाला शेवटी काय हवं आहे: वर्डची फाइल, पीडीएफ, की दोन्ही.
- एक वही. खरोखरची वही चालेल.

## १. मूळ प्रत कुणाकडे, हे पहिल्याच बैठकीत ठरवा

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधीचं हे काम आहे, आणि नेमकं हेच सगळे टाळतात. 'मूळ प्रत' म्हणजे या घडीला जी खरी आहे ती एक फाइल. बाकी सगळ्या तिच्या नकला. मूळ प्रत एका वेळी एकाच माणसाच्या हातात असते. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' हा न्याय इथे अगदी शब्दशः लावायचा: ज्याच्याकडे फाइल आहे त्यानेच बदल करायचे, बाकीच्यांनी सूचना द्यायच्या.

आमच्याकडे हे व्हॉट्सअ‍ॅप गटावर चालतं. 'संपादकीय माझ्याकडे घेतलं', 'संपादकीय परत ठेवलं', एवढे दोन निरोप पुरतात. हे पोरकट वाटेल, पण आमच्या दुसऱ्या अंकात एकाच लेखाच्या दोन वेगवेगळ्या 'सुधारित' प्रती तयार झाल्या नाहीत, त्याचं कारण हे दोन निरोपच आहेत.

गूगल डॉक्समध्ये किंवा वनड्राइव्हवरच्या वर्डमध्ये सगळ्यांना एकाच वेळी एकाच फाइलीत लिहिता येतं, तेव्हा हा प्रश्न बराच सुटतो. पूर्ण सुटत नाही. कुणीतरी फाइल उतरवून घेतं, प्रवासात बदल करतं आणि मेलवर पाठवतं. त्या क्षणी दोन मूळ प्रती झालेल्या असतात.

इथला सापळा: मेलमधली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल थेट तिथेच उघडून त्यात काम करू नका. मेलमधून उघडलेली फाइल बऱ्याचदा तात्पुरत्या फोल्डरात बसते आणि नंतर शोधता शोधता नाकी नऊ येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल अँड्रॉइड फोनमध्ये अनेकदा 'डॉक', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि आकडा अशा नावाने साठते. तुम्ही कितीही विचारपूर्वक दिलेलं नाव तिथे पुसलं जातं. आधी उतरवा, नाव द्या, ठरलेल्या फोल्डरात ठेवा आणि मग उघडा.

## २. फाइलच्या नावात तारीख घाला, विशेषणं काढा

माझ्या त्या पहिल्या फोल्डरात 'यादी फायनल', 'यादी फायनल नवीन', 'यादी फायनल नक्की' आणि 'यादी फायनल हीच' अशा चार फाइली होत्या. 'हीच' ही 'नक्की'च्या आधीची निघाली.

मी आता नाव असं देते:

२०२५-०९-१४_देणगीयादी_०३_(आद्याक्षरं)

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही तारीख लिहायचा हाच क्रम आहे. त्याचा फायदा असा की फोल्डर नावानुसार लावलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने उभ्या राहतात. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर १ ऑक्टोबर हा १४ सप्टेंबरच्या वर जाऊन बसतो. तारखेत तिरकी रेघ घालता येत नाही, विंडोज ती नावात चालवतच नाही. आडवी रेघ वापरा. पुढे मजकूर कशाचा आहे ते, मग दोन अंकी क्रमांक, आणि शेवटी ज्याने शेवटचा हात लावला त्याची आद्याक्षरं.

'नवीन', 'जुनी', 'सुधारित', 'फायनल' हे शब्द नावात नकोत. आजची नवीन उद्या जुनी होते, पण तिचं नाव बदलायला कुणी बसत नाही. 'फायनल' हा शब्द फक्त एकदा, छपाईला गेलेल्या पीडीएफवर.

प्रत्यक्षात फाइलींची नावं आणि आकडे इंग्रजी लिपीत ठेवा, हे मी नाइलाजाने सांगते. आजच्या संगणकांवर देवनागरी नावं चालतात, पण डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी पानं लावायच्या, जुन्या यंत्रांवर किंवा झिप फाइल उलगडताना त्यांची चौकटी-प्रश्नचिन्हं होतात.

## ३. 'ट्रॅक चेंजेस' सुरू करूनच फाइल पुढे द्या

वर्डमध्ये 'रिव्ह्यू' टॅबवर 'ट्रॅक चेंजेस' आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि ई या तीन कळा एकत्र दाबल्या तरी ते सुरू होतं. मग जो शब्द घालाल तो रंगात दिसतो, जो काढाल त्यावर रेघ येते आणि बाजूला कुणी, केव्हा ते कळतं. लिबरऑफिस रायटरमध्ये हेच 'एडिट' मेनूत 'ट्रॅक चेंजेस'खाली 'रेकॉर्ड' या नावाने आहे. गूगल डॉक्समध्ये उजवीकडे वरच्या पेन्सिलीवर टिचकी मारून 'एडिटिंग'चं 'सजेस्टिंग' करायचं.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पुढच्या आहेत.

नाव तपासा. वर्ड तुमचं नाव 'फाइल', 'ऑप्शन्स', 'जनरल' इथल्या 'यूजर नेम'मधून घेतं. सायबर कॅफेतल्या किंवा ऑफिसच्या संगणकावर तिथे 'अ‍ॅडमिन' किंवा 'यूजर' असं असू शकतं. आमचे दोन मुद्रितशोधक दोन वेगळ्या संगणकांवर 'अ‍ॅडमिन'च होते, त्यामुळे कोणती दुरुस्ती कुणाची हे सांगायला त्या दोघांनाच समोर बसवावं लागलं.

'फॉर एव्हरीवन' निवडा. नव्या वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस'च्या बाणाखाली 'फॉर एव्हरीवन' आणि 'जस्ट माइन' असे दोन पर्याय येतात. 'जस्ट माइन' ठेवलंत तर तुमचे बदल नोंदले जातील, पुढच्याचे नाही. त्याच यादीत 'लॉक ट्रॅकिंग' आहे. तिथे पासवर्ड घातला की तो असल्याशिवाय कुणाला नोंद बंद करता येत नाही. 'मी बंद केलंच नव्हतं' ही वादावादी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या सोयीचं मोल कळेल.

आता खास मराठीची अडचण. आपल्याकडे मुद्रितशोधनातल्या बऱ्याच दुरुस्त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. 'कवि'चं 'कवी', 'परिक्षा'चं 'परीक्षा'. शोधक कर्सर नेऊन फक्त वेलांटी बदलतो. नोंद सुरू असताना असं केलं की वर्ड एक वेलांटी खोडलेली आणि एक घातलेली दाखवतं, अक्षर फुटतं, मध्येच एखादं ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. वाचणाऱ्याला काय बदललं तेच कळत नाही. त्यातून कुणी अर्धा बदल स्वीकारला आणि अर्धा नाकारला तर दोन वेलांट्यांचा शब्द तयार होतो. म्हणून आमचा नियम आहे: मात्रा बदलायची असली तरी पूर्ण शब्द निवडा आणि नव्याने टाइप करा. दोन सेकंद जास्त जातात, पण खोडलेला शब्द एक आणि नवा शब्द एक, असं स्वच्छ दिसतं.

इथला सापळा: 'रिव्ह्यू' टॅबवर 'ऑल मार्कअप', 'सिम्पल मार्कअप', 'नो मार्कअप' आणि 'ओरिजिनल' असे चार देखावे आहेत. 'नो मार्कअप' केलं की मजकूर एकदम स्वच्छ दिसतो आणि नवख्याला वाटतं, झाल्या सगळ्या दुरुस्त्या. त्या फक्त झाकल्या गेलेल्या असतात. पलीकडच्याने फाइल उघडली की सगळी लाल-निळी रांगोळी पुन्हा समोर. सातव्या पायरीत याचा बंदोबस्त आहे.

## ४. जुन्या प्रती सॉफ्टवेअरकडेच ठेवायला द्या

प्रत्येक बदलानंतर वेगळी फाइल ठेवायची गरज गूगल डॉक्स, वर्ड आणि लिबरऑफिस या तिघांपैकी कुठेच फारशी उरलेली नाही, पण तिघांची पद्धत वेगळी आहे.

गूगल डॉक्स. 'फाइल', 'व्हर्जन हिस्ट्री', 'सी व्हर्जन हिस्ट्री'. उजवीकडे तारीख-वेळेनुसार सगळ्या अवस्था दिसतात, प्रत्येकाचे बदल वेगळ्या रंगात. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून लावून घ्यायची सवय म्हणजे त्याच मेनूतलं 'नेम करंट व्हर्जन'. 'लेखकाकडून आलेला मूळ लेख', 'पहिलं मुद्रितशोधन झालं', 'लेखकाने पाहिलं' अशी नावं टप्प्याटप्प्याने द्या. एका दस्तऐवजात अशा ४० नावांची सोय आहे, आपल्या कामाला रग्गड. नाव न दिलेल्या बारीक अवस्था गूगल कालांतराने एकत्र करून टाकू शकतं, म्हणून महत्त्वाच्या टप्प्याला नाव हवंच. जुनी अवस्था परत आणली ('रिस्टोर') तरी मधल्या अवस्था पुसल्या जात नाहीत, तेव्हा घाबरू नका. मात्र 'मेक अ कॉपी' केलेल्या नव्या फाइलीत जुना इतिहास येत नाही, आणि ज्याला फक्त बघण्याचा अधिकार आहे त्याला इतिहास दिसत नाही.

गूगल ड्राइव्हवर वर्डची फाइल तशीच चढवून ठेवली असेल तर तिचं गणित निराळं. फाइलीवर राइट क्लिक करून 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये जा, तिथेच नवी प्रत चढवा, नाव तेच राहतं. जुन्या प्रती ३० दिवसांनी किंवा १०० प्रती झाल्या की जाऊ शकतात. जी जपायची तिच्यासमोर 'कीप फॉरएव्हर' करा.

वर्ड. फाइल वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच 'फाइल', 'इन्फो', 'व्हर्जन हिस्ट्री' उपयोगी पडतं. घरगुती मायक्रोसॉफ्ट खात्यावर शेवटच्या २५ प्रती मिळतात. फाइल नुसती डी ड्राइव्हवर असेल तर हा इतिहास नाही, हे लक्षात ठेवा. अशा वेळी 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये खाली 'सेव्ह' विभागात 'ऑल्वेज क्रिएट बॅकअप कॉपी' आहे, ते सुरू करा. प्रत्येक वेळी सेव्ह केल्यावर आधीची एक प्रत 'बॅकअप ऑफ' अशा नावाने शेजारी राहते. एकच राहते, पण ती एकच कित्येकदा पुरते.

वनड्राइव्हवर काम करताना डावीकडे वर 'ऑटोसेव्ह' सुरू असतं, आणि त्यातला धोका कुणी सांगत नाही. गेल्या वर्षीचा अहवाल नमुना म्हणून उघडला, त्यावरच यंदाचे आकडे टाकायला लागलात, आणि मनात होतं की शेवटी 'सेव्ह अ‍ॅज' करू. तोवर गेल्या वर्षीच्या अहवालात यंदाचे आकडे सेव्ह होऊन गेलेले असतात. नमुना उघडल्या उघडल्या पहिलं काम 'सेव्ह अ कॉपी'.

जाता जाता: वर्ड २००३ पर्यंत 'फाइल' मेनूतच 'व्हर्जन्स' होतं आणि सगळ्या अवस्था एकाच फाइलीच्या पोटात राहायच्या. २००७ पासून ती सोय काढून टाकली. संस्थेच्या कपाटात त्या काळातल्या सीडी असतील तर फाइली नव्या वर्डमध्ये उघडून घाईने सेव्ह करू नका. आधी नक्कल काढा, पोटातल्या जुन्या अवस्था गमावून बसाल.

लिबरऑफिस रायटर. जी सोय वर्डने काढली ती इथे अजून आहे. 'फाइल', 'व्हर्जन्स', 'सेव्ह न्यू व्हर्जन', आणि शेजारी एक टिपण लिहायला जागा. 'ऑल्वेज सेव्ह अ न्यू व्हर्जन ऑन क्लोजिंग' वर खूण केली की फाइल बंद करताना नवी अवस्था आपोआप साठते. इंटरनेट नको, खातं नको. ज्यांच्याकडे नेट अधूनमधून असतं अशा शाळा-वाचनालयांना मी हेच सुचवते. अट एकच: फाइल रायटरच्या स्वतःच्या ओडीटी स्वरूपात हवी. ती वर्डच्या स्वरूपात सेव्ह केली, किंवा 'सेव्ह अ‍ॅज' करून दुसरं नाव दिलं, की नव्या फाइलीत इतिहास जात नाही. आणि उलटही खरं: मूळ ओडीटी फाइल कुणाला मेल केलीत तर तुमचे सगळे जुने मसुदे, टिपणांसकट, त्याच्याकडे पोचतात.

## ५. दोन प्रती झाल्याच, तर समोरासमोर ठेवा

कितीही सांभाळलं तरी हे एकदा होतंच. एका लेखाच्या दोन फाइली, दोन्हींत थोडे थोडे चांगले बदल, आणि दोन्ही बाजूंना ठाम माणसं.

वर्डमध्ये 'रिव्ह्यू', 'कम्पेअर'. तिथे दोन कामं आहेत. 'कम्पेअर' म्हणजे जुनी आणि नवी यांत काय फरक आहे ते दाखवणं. 'कम्बाइन' म्हणजे दोघांचे नोंदलेले बदल एका फाइलीत आणणं. उघडणाऱ्या चौकटीत डावीकडे मूळ, उजवीकडे सुधारित फाइल निवडा. 'मोर' दाबलं की खाली पर्याय येतात. त्यात बदल 'वर्ड लेव्हल'वर, म्हणजे पूर्ण शब्दाचे दाखवायला सांगा, वेलांटीची कटकट इथेही वाचते. 'फॉरमॅटिंग'वरची खूण काढा, नाहीतर ठळक-तिरप्या अक्षरांचे शेकडो फरक पुढ्यात येतील. निकाल 'न्यू डॉक्युमेंट'मध्ये मागा, म्हणजे दोन्ही मूळ फाइली शाबूत राहतात. रायटरमध्ये 'एडिट', 'ट्रॅक चेंजेस', 'कम्पेअर डॉक्युमेंट'. गूगल डॉक्समध्ये 'टूल्स', 'कम्पेअर डॉक्युमेंट्स'.

तुलना करायच्या फाइलींत आधीचे नोंदलेले बदल शिल्लक असतील तर वर्ड इशारा देतं की ते स्वीकारलेले समजून तुलना होईल. हा इशारा वाचा. जो बदल तुम्ही नाकारणार होतात तो इथे गुपचूप मान्य होतो.

आता फॉन्टचा प्रश्न. एक फाइल युनिकोडमध्ये आणि दुसरी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर तुलनेला काही अर्थच नाही. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठलेली अक्षरं रोमन आणि चिन्हांची असतात. वर्डला प्रत्येक शब्द बदललेला दिसतो. आधी परिवर्तक (एका फॉन्टचा मजकूर दुसऱ्यात बदलून देणारं साधन) वापरून जुनी फाइल युनिकोडमध्ये आणा, परिवर्तनात तुटलेली जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, आणि मगच तुलना करा.

दोन्ही फाइली युनिकोडमध्ये असल्या तरी एक गंमत उरते, आणि तिने माझी अख्खी एक संध्याकाळ खाल्ली होती. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ऱ्हस्व' यांतला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त लावून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच: काही कळफलक तो एक अक्षर म्हणून देतात, काही 'अ'वर चंद्र चढवतात. एका लेखकाने मोबाइलवर आणि दुसऱ्याने संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप केलं असेल, तर तुलनेत असे शेकडो 'बदल' निघतात ज्यांत बदललेलं काहीच दिसत नाही. मी त्या संध्याकाळी डोळ्यांचा नंबर वाढला असं समजून चष्मा पुसत बसले होते.

उपाय: मजकूर पहिल्यांदा हातात आला की एकाच माणसाने शोधा-बदला करून या अक्षरांचं एकच रूप करून घ्यावं, आणि त्या रूपालाच पहिली आवृत्ती म्हणावं. आधी दोन-चार शब्दांवर करून पाहा, मग सगळीकडे.

## ६. नोंदवही

सॉफ्टवेअर 'काय बदललं' ते सांगतं, 'का' आणि 'कुणाच्या सांगण्यावरून' ते सांगत नाही. म्हणून वही. रकाने पाच: तारीख, मजकूर, आवृत्ती क्रमांक, काय बदललं आणि कुणी सांगितलं, आता कुणाकडे आहे. माझ्या वहीतली एक ओळ अशी:

१४ सप्टें. / देणगी यादी / ०३ / अनुक्रमांक २१ ला 'कै.', मुलीने फोनवर कळवलं / माझ्याकडे

यापेक्षा जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल.

## ७. बाहेर पाठवण्याआधीची तपासणी

मजकूर ठरला की नक्कल काढा आणि पुढचं सगळं त्या नकलेवर करा.

'रिव्ह्यू'मध्ये 'ऑल मार्कअप' ठेवून एकदा शेवटपर्यंत जा. मग 'अ‍ॅक्सेप्ट'च्या बाणाखालून 'अ‍ॅक्सेप्ट ऑल चेंजेस अँड स्टॉप ट्रॅकिंग'. सगळं स्वीकारण्याआधी नाकारायचं ते नाकारून झालेलं हवं, उलट क्रम नको. बाजूच्या टिप्पण्या वेगळ्या काढाव्या लागतात, बदल स्वीकारले म्हणून त्या जात नाहीत. 'हा परिच्छेद फारच कंटाळवाणा आहे, पण सरांना कोण सांगणार' अशी टिप्पणी सरांकडेच गेल्याचं उदाहरण मला माहीत आहे. ती माझी नव्हती, एवढंच सांगते.

मग 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. हे झाकलेले बदल, टिप्पण्या, लपवलेला मजकूर आणि लेखकाचं नाव शोधून दाखवतं. यातलं नाव काढायचं काम चालू मसुद्यावर चुकूनही करू नका, सगळ्यांच्या बदलांवर एकच 'ऑथर' दिसायला लागतो. म्हणूनच नकलेवर.

शेवटी पीडीएफ करा, ती पूर्ण वाचा आणि मेलला जोडा. मेल पाठवल्यावर 'सेंट'मध्ये जाऊन जोडलेली फाइल तिथून उघडून एक ठरावीक खूण बघा. मी यादीतलं शेवटचं बदललेलं नाव बघते. हे अर्ध्या मिनिटाचं काम मी त्या वर्षी केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

## ८. वीज गेली, फाइल उडाली

वर्ड दर १० मिनिटांनी स्वतःपुरती एक प्रत ठेवतं. 'ऑप्शन्स', 'सेव्ह'मध्ये जाऊन ते ५ करा. सेव्ह न करता बंद झालेली फाइल 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट', 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' मध्ये मिळू शकते. ती तिथे थोडेच दिवस राहते, तेव्हा त्याच दिवशी बघा. मिळाली की लगेच नव्या नावाने सेव्ह करा आणि शेवटच्या चांगल्या प्रतीशी पाचव्या पायरीप्रमाणे तुलना करा.

## ९. मांडणी सुरू झाली की वर्डची फाइल बंद

छापील काम करणाऱ्यांसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सॉफ्टवेअरच्या कुठल्याच मदतपानावर ती सापडणार नाही.

मजकूर डीटीपीला गेला, इनडिझाइन किंवा पेजमेकरमध्ये पानं लागली, की मूळ प्रत वर्डमधून निघून त्या पानांत गेली. त्यानंतरच्या दुरुस्त्या प्रूफावर, म्हणजे तपासायला काढलेल्या पानांवर होतात आणि डीटीपी करणारी व्यक्ती त्या पानांतच घालते. तुमच्या वर्डच्या फाइलीला त्यांचा पत्ताही नसतो. अशा वेळी कुणी 'जरा दोन ओळी बदलल्यात' म्हणून सुधारित वर्ड फाइल पाठवली आणि डीटीपीवाल्याने ती नव्याने ओतली, तर पहिल्या प्रूफात दुरुस्त झालेल्या सगळ्या चुका परत येतात.

म्हणून मजकूर गेल्याच्या दिवशी मी वर्डच्या फाइली 'रीड ओन्ली' करते आणि गटावर तसं लिहिते. पुढचे बदल फक्त यादीने: पान, रकाना, ओळ, आहे, हवं. प्रत्येक प्रूफावर तारीख आणि सही. डीटीपीकडून आलेल्या पीडीएफच्या नावात तुमची तारीख-क्रमांक पद्धत लावून घ्या, त्यांची फाइल बहुतेक वेळा 'बुक १' एवढ्याच नावाने येते.

अंक छापून आला की डीटीपीकडून तीन गोष्टी मागा: छपाईची पीडीएफ, उघडी (बदल करता येईल अशी) मांडणी फाइल, आणि त्या मांडणीतून काढलेला मजकूर. हे महिन्याभरात मागा, वर्षभराने त्यांच्याकडेही मिळत नाही. पुढच्या वर्षीचं काम त्या काढलेल्या मजकुरावरून सुरू करा, जुन्या वर्ड फाइलीवरून कधीच नाही.

मागच्या महिन्यात मी ते पहिल्या वर्षीचं फोल्डर उघडलं होतं. यादीच्या चार फाइलींपैकी तीनमध्ये अजून 'श्री.'च आहे. त्या तीन एका वेगळ्या फोल्डरात टाकल्या, नाव दिलं 'वापरू नये', आणि वहीत तारीख घातली.